शाहनामा कानांनी : तेहरान, तूस, कलात आणि फार्स

इराणात शाहनामा, म्हणजे फिरदौसीचे फारसी महाकाव्य, पाहायला जाणारे पुष्कळ असतात. चित्रांची पाने पाहतात, फिरदौसीच्या समाधीपुढे फोटो काढतात आणि परततात. या सहलीची आखणी मात्र हे काव्य ऐकता यावे म्हणून केली होती. फिरदौसीने सुमारे तीन दशके खपून इ.स. १०१० मध्ये पुरे केलेले पन्नास हजारांच्या आसपास बैतांचे (दोन चरणांच्या कडव्यांचे) हे काव्य हजार वर्षे तगले, त्यात पोथ्यांचा वाटा मोठा आहे. तरी जास्त वाटा गळ्याचा आहे, असे आमचे मत आहे. त्यामुळे ते कुठे, केव्हा आणि कोणाच्या तोंडून ऐकायला मिळेल, यावर सगळे वेळापत्रक बसवले.

निघण्यापूर्वी एक तयारी जरूर करावी, ती म्हणजे वृत्त कानात बसवण्याची. मराठी माणसाला हे फार सोपे जाते. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे भुजंगप्रयात आहे : लघु-गुरु-गुरु असे चार गण, बारा अक्षरे. शाहनाम्याचे वृत्त, मुतकारिब, याच चालीचे असून शेवटचा एक गुरु तेवढा गळतो. तीन यगण, मग लघु-गुरु, एकूण अकरा अक्षरे. आपल्या छंदःशास्त्रात याला भुजंगी म्हणतात. आरंभीची ओळ अशी तोडावी : 'बे ना मे । खो दा वन् । दे जा नो । खे रद'. इथे बे, खो, दे, खे हे लघु म्हणायचे आणि 'मे' ताणून गुरु करायचा. आपली चूक बहुधा दोन ठिकाणी होते. एक म्हणजे देवनागरीतला एकार-ओकार पाहून आपण तो दीर्घच उच्चारतो. दुसरी म्हणजे 'यार', 'शाह' अशा शब्दांत दीर्घ स्वरानंतर व्यंजन आले की फारसीत तिथे गुरु अधिक लघु धरतात, आणि आपण एकच गुरु म्हणून पुढे जातो. या दोन गोष्टी सांभाळल्या की अर्थ न कळताही ओळ कुठे संपते, यमक कुठे येते, ते कान सांगतो.

काळ निवडताना उर्दिबेहेश्त महिना, म्हणजे साधारण २१ एप्रिल ते २१ मे, धरावा. हवा उत्तम असते आणि २५ उर्दिबेहेश्त (मेच्या मध्यावर) हा फिरदौसीचा राष्ट्रीय दिवस असल्याने ठिकठिकाणी शाहनामा-वाचन चालते. व्हिसाचे नियम आणि सुरक्षेची स्थिती वरचेवर बदलते, तेव्हा निघण्याआधी ताजी माहिती घेऊनच तिकिटे काढावीत.

पहिला दिवस : तेहरान, फिरदौसी चौक

सुरुवात मेट्रोच्या चौथ्या मार्गावरच्या फिरदौसी स्थानकापासून. वर आले की चौकात अबुल हसन सिद्दीकी यांनी घडवलेला फिरदौसीचा संगमरवरी पुतळा आहे. कवीच्या पायाशी लहानगा झाल बसलेला दिसतो. हाच तो पांढऱ्या केसांनी जन्मला म्हणून बापाने डोंगरावर टाकून दिलेला, सीमुर्ग पक्ष्याने वाढवलेला, पुढे शाहनाम्यातला महावीर रुस्तुम याचा बाप झालेला झाल.

व्यवहाराची सोयही इथेच होते. फिरदौसी रस्ता हा चलन बदलणाऱ्यांचा रस्ता आहे. आपली कार्डे इराणात चालत नाहीत, त्यामुळे सगळ्या सहलीचे पैसे युरो किंवा डॉलरच्या नोटांत न्यावे लागतात. नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या हव्यात. परवानाधारक दुकानातच बदलाव्यात, रस्त्यावर हाक मारणाऱ्याकडे नाही. किमती तोमानमध्ये सांगतात आणि नोटेवर रियाल छापलेले असतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल. फारसी आकडेही शिकून जावेत, विशेषतः चार, पाच आणि सहा.

दुपारी इन्किलाब रस्त्यावर तेहरान विद्यापीठासमोरची पुस्तकांची दुकाने. शाहनामा विकत घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न इथे सुटतो. अभ्यासाला जलाल खालेकी-मुत्लक यांची आठ खंडांची संशोधित आवृत्ती सर्वांत भरवशाची, पण विमानाच्या सामानाला जड. मॉस्को आवृत्तीच्या पाठावरून छापलेले एकखंडी शाहनामे स्वस्त मिळतात. नवशिक्याने मात्र स्वरचिन्हे दिलेली निवडक कथांची प्रत मागावी. चिन्हांशिवाय इजाफतीचा, म्हणजे दोन शब्द जोडणारा, 'ए' कुठे म्हणायचा ते कळत नाही आणि वृत्त मोडते. या दुकानांत उभे असताना मुंबईची आठवण येणे साहजिक आहे. शाहनामा संपूर्ण छापला गेला तो प्रथम कलकत्त्यात, १८२९ साली, टर्नर मॅकनच्या संपादनाने. शिळाछापाची पहिली सचित्र आवृत्ती निघाली मुंबईत, १८४६ साली. तेहरानच्या शिळाछापाने नंतर वाट धरली. हातच्या पोथ्या दरबारात राहत. गावोगावच्या कथेकऱ्याच्या हाती ग्रंथ गेला तो या छापखान्यांमुळे.

संध्याकाळी पाऊस पडून गेला आणि आकाश धुऊन निघाले. शहराच्या उत्तरेकडच्या चढावरून ईशान्येला दमावंद स्वच्छ दिसला : ५,६०९ मीटर, माथ्यावर बर्फ. खांद्यावरच्या सापांना रोज दोन तरुणांचे मेंदू चारणाऱ्या झह्हाक या जुलमी राजाला फरिदूनने याच पर्वतात जखडून ठेवले अशी कथा आहे. त्याच्याविरुद्ध उठलेल्या लोहार कावेने भट्टीपुढे कमरेला बांधायचे चामडे भाल्याला बांधून झेंडा केला.  दमावंद पाहायचा असेल तर पाऊस किंवा वारा होऊन गेल्यावरची पहिली सकाळ-संध्याकाळ साधावी. एरवी धुरक्यात तो लपलेला असतो.

दुसरा दिवस : पाने आणि चहाखाना

गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात बायसुंगुरी शाहनामा आहे. हेरातमध्ये १४३० साली तैमूरी राजपुत्र बायसुंगुरसाठी तो तयार झाला. त्यात २२ चित्रे आहेत आणि २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश आहे. मात्र मूळ प्रत पाहायला मिळेल असे धरून जाऊ नये. चित्रित पाने हमखास पाहायची तर रझा अब्बासी संग्रहालयही यादीत ठेवावे.

समकालीन कला संग्रहालयाकडे एक वेगळीच ठेव आहे. शाह तहमास्पसाठी तब्रीझमध्ये बनलेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. ती पोथी १५६८ मध्ये उस्मानी सुलतानाला भेट गेली, पुढे युरोपात आणि मग एका अमेरिकन संग्राहकाकडे पोहोचली. त्याने ती सुटी करून पाने विकली. उरलेला भाग, ११८ चित्रांसह, १९९४ मध्ये इराणने परत मिळवला, तो विलेम डी कूनिंगचे एक चित्र देऊन. पाने सतत मांडलेली नसतात. प्रदर्शनाची चौकशी आधी करावी. एवढे देखणे पुस्तक एका माणसाने पैशांसाठी फाडले, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी संताप येतो.

संध्याकाळ नक्कालीसाठी. नक्काल म्हणजे शाहनाम्याचा कथेकरी. ही कला युनेस्कोने २०११ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घातली आहे. आता रोज नक्काल असणारे चहाखाने तेहरानात थोडे उरलेत; हॉटेलवाल्याला 'नक्काली आज कुठे आहे' असे विचारून, दूरध्वनीवर खात्री करून मगच जावे. अनेक ठिकाणी ती गुरुवार-शुक्रवारच्या रात्रीच असते. जेवण म्हणून दीझी मागवावी. मटण, हरभरे, बटाटा, टोमॅटो एका मातीच्या भांड्यात शिजवलेले असतात. आधी रस्सा ओतून घेऊन त्यात नानचे तुकडे कुस्करायचे. मग उरलेला ऐवज लाकडी बत्त्याने ठेचून कच्चा कांदा आणि लोणच्यासोबत खायचा. शाकाहारींनी कश्के-बादेमजान (वांगी आणि कश्क हा आंबट दुग्धपदार्थ) किंवा कुकू सब्झी मागावी. आश-ए-रिश्तेमध्ये मटणाचे पाणी आहे का, ते विचारावे.

त्या रात्री सोहराबचे आख्यान लागले होते. नक्काल फिरदौसीच्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत नाही, हे आधी माहीत असलेले बरे. त्याच्याकडे तूमार असतो, म्हणजे गुरूकडून आलेली गद्य संहिता. कथा गद्यात चालते आणि प्रसंग तापला की बैत गळ्यातून येतात. हातात एकच काठी. ती भाला होते, गदा होते, रख्श घोड्याचा लगाम होते. टाळी वाजते, जमिनीवर पाय आपटतो, आणि आवाज अचानक इतका खाली जातो की लोक चहाचे पेले खाली ठेवतात. बापाने लेकाला ओळखले नाही, पहिल्या चितीनंतर रुस्तुमने 'आमच्याकडे दुसऱ्या चितीलाच मारतात' असे खोटे सांगून जीव वाचवला, आणि पुढच्या कुस्तीत खंजीर खुपसला. दंडावरचा मणी दिसला तेव्हा उशीर झालेला. काऊस बादशहाने औषध वेळेत दिले नाही. 'सोहराब मेल्यावर नोशदारू' ही म्हण आज इराणी माणूस बँकेच्या रांगेतही वापरतो. जुन्या चहाखान्यांत सोहराबवधाच्या रात्री गर्दी लोटे, आणि त्याला मारू नका म्हणून श्रोते नक्कालाला पैसे देऊ करत. मुंबईच्या पारशी रंगभूमीचा १८५३ मधला पहिला प्रयोगही याच बाप-लेकांचा होता.

भाषा येत नसेल तर कथा आधी मराठीत किंवा इंग्रजीत वाचून जावी, फक्त सोहराब, सियावश आणि इस्फंदियार एवढ्या तीन. बहुधा त्यांपैकीच एखादी पुढे येते.

तिसरा दिवस : झूरखाना, मग रात्रीची गाडी

झूरखाना म्हणजे इराणी तालीम. लाल मातीऐवजी मध्ये अष्टकोनी खोल हौद असतो, त्याला गौद म्हणतात. दार मुद्दाम ठेंगणे, वाकूनच आत जायचे. मुद्गलासारखे मील, आपल्या दंडांसारखे शिना, दरवाजाएवढ्या लाकडी ढालींसारखे संग, आणि साखळ्यांचे लोखंडी धनुष्य कब्बादे : या सगळ्याचा ताल मुर्शिद नावाचा गायक राखतो. तो उंच बैठकीवर बसून मातीच्या मोठ्या झर्बवर थाप देतो, घंटा वाजवतो आणि शाहनाम्यातले बैत गातो. त्या दिवशी हवेत ओल होती, त्यामुळे झर्बचे कातडे सैल पडले. मुर्शिदाने ते आचेवर धरून ताणून घेतले, तोवर मल्ल शांतपणे थांबले.

इथे वृत्ताची तयारी कामी येते. लघु-गुरु-गुरु हा गण आणि मील फिरवण्याचा फेरा एकमेकांत अडकतात. ओळीच्या शेवटी गळलेल्या गुरूच्या जागी थाप पडते आणि तेवढ्या क्षणात हात बदलतो. चरणाचा शेवट असा तोडलेला का, हे छापील पानावर कधी उमगत नाही. इथे उमगते. अर्थात मुर्शिद सादी-हाफिजच्या गझलाही गातो, आणि मग तालही बदलतो. सगळेच शाहनामा समजू नये.

नियम थोडे पण कडक. जोडे बाहेर, गौदात पाय ठेवायचा नाही, खाणे-सिगारेट नाही, फोटो विचारून. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळच्या नमाजानंतरची, सत्र साधारण तासाभराचे. स्त्रियांना सगळीकडे प्रवेश नसतो, म्हणून आधी विचारून ठेवावे. प्रवेशशुल्क नसेल तर निघताना पेटीत पैसे टाकावेत.

रात्रीच्या गाडीने मशहद. सणासुदीला तिकिटे लवकर संपतात, स्त्रियांसाठी वेगळा डबा मागता येतो, पासपोर्ट हाताशी लागतो. एवढे सोडून सांगण्यासारखे काही नाही.

चौथा दिवस : तूस

मशहदच्या वायव्येला वीस-पंचवीस किलोमीटरवर तूस. टॅक्सी जाऊन-येऊन आणि थांबण्यासह ठरवावी. शुक्रवार टाळावा. सकाळी दार उघडतानाच पोहोचले तर सहलीच्या बसगाड्या येण्याआधी तासभर शांतता मिळते.

  निजामी अरूजी या फारसी लेखकाने बाराव्या शतकात लिहून ठेवलेली कथा इराणात पोरापोराला ठाऊक आहे : गझनीच्या सुलतान महमूदाने उशिरा पाठवलेले धन शहराच्या एका वेशीतून आत येत होते, तेव्हा दुसऱ्या वेशीतून कवीची तिरडी बाहेर पडत होती. इतिहास म्हणून तिचा भरवसा धरू नये. तूसमधल्या तबरानच्या धर्मोपदेशकाने दफनभूमीत जागा नाकारली आणि कवीला त्याच्याच बागेत पुरले, हेही त्यानेच सांगितले आहे.

आजची इमारत १९३४ मध्ये, फिरदौसीच्या सहस्राब्दीला, उघडली. तिचा घाट पसार्गादच्या प्राचीन सम्राट कुरुशच्या (सायरसच्या) थडग्यावरून घेतला आहे. कोपऱ्यांवरचे बैलमुखी स्तंभशीर्ष पर्सेपोलिसचे. पाया खचू लागल्याने १९६४ ते १९६८ दरम्यान हुशंग सेहून यांनी ती दगड न दगड उतरवून पुन्हा उभी केली आणि खालचे दालन मोठे केले. म्हणूनच बाहेरून जुने रूप दिसते आणि आत प्रशस्त जागा. चारी बाजूंच्या भिंतींवर बैत कोरले आहेत. फोटोच्या घाईत ते राहून जातात. त्यात 'मी काव्याचा असा उंच वाडा बांधला की वारा-पाऊस त्याला इजा करणार नाही' या अर्थाची ओळ शोधावी. तीस वर्षे कष्ट करून इराणला फारसीने जिवंत केले, ही सर्वांत लोकप्रिय ओळ मात्र फिरदौसीचीच की नंतर जोडलेली, याबद्दल संपादकांत वाद आहे.

खालच्या दालनात फेरीदून सिद्दीकींची उत्थित शिल्पे आहेत. तिथे एका शाळेची मुले उभी होती. शिक्षिकेने पहिला शब्द दिला आणि सगळ्यांनी एका सुरात 'तवाना बुवद हर के दाना बुवद' म्हटले : जो जाणता, तोच समर्थ. ही ओळ इराणी पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुलांनी वृत्त एकदाही चुकवले नाही. बाहेर बागेत कवी मेहदी अख्वान-सालेस आणि गायक मुहम्मद रझा शजरियान यांची थडगी आहेत. शजरियानच्या थडग्याजवळ लोक गुणगुणत थांबतात; तिथे घाई करू नये.

येताना हारूनिया ही विटांची वास्तू आणि तूसच्या मातीच्या तटाचे अवशेष पाहावेत. फिरदौसीचे जन्मगाव पाझ वेगळ्या रस्त्यावर आहे. तिथे स्मारक असे फारसे नाही. वेळ कमी असेल तर सोडले तरी चालेल. मशहदला शोले खावी. मटण, डाळी, धान्य रात्रभर शिजवून घोटलेले, वर मिरपूड. मुहर्रमचा पदार्थ असला तरी एरवीही मिळतो.

पाचवा दिवस : कलात

पर्यटक इथे नादिरशहाचा खुर्शीद महाल पाहायला येतात. आमच्या मते सबंध सहलीतला हा सर्वांत मोलाचा दिवस, आणि तो फरूदच्या कथेसाठी. मशहदहून सुमारे दीडशे किलोमीटर, घाटाचा वळणावळणाचा रस्ता; जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावरही वर गार वारा असतो, अंगावर काहीतरी ठेवावे.

इराणचा बादशहा कैखुसरो याने सेनापती तूसला (शहराच्याच नावाचा हा माणूस) बजावले होते की कलातच्या वाटेने जाऊ नकोस, तिथे माझा सावत्र भाऊ फरूद आईबरोबर राहतो. तूसने ऐकले नाही. फरूद कड्यावर बसून आपल्या सोबत्याला, तोखारला, विचारतो, हा झेंडा कोणाचा, तो कोणाचा. हत्तीचे निशाण तूसचे. तूसच्या फौजेतला बहराम वर चढून येतो, दंडावरची खूण पाहून ओळखतो, खाली जाऊन सांगतो. तूस तरीही एकामागून एक माणूस वर पाठवतो आणि फरूद एकेकाला बाणाने टिपतो. शेवटी तो मरतो. आई जरीरा खजिना जाळते, घोडे मारते आणि लेकाच्या प्रेतावर स्वतःला संपवते.

वाचताना एक शंका राहते : एकटा तिरंदाज एवढ्या फौजेला कसा रोखतो? कलातला पोहोचल्यावर ती राहत नाही. दरी चारी बाजूंनी सरळसोट कड्यांनी वेढलेली, आत शिरायच्या वाटा मोजक्या आणि अरुंद. वर बसणाऱ्याला खालचा प्रत्येक झेंडा दिसतो आणि वर येणाऱ्याला आडोसा नाही. आख्यान कलातला पोहोचण्याआधी गाडीत वाचून घ्यावे, आणि एका खिंडीशी गाडी थांबवून वर पाहावे. वाटेत नादिरशहाचा अपुरा राहिलेला शिलालेखही लागतो.

सहावा दिवस : शिराझमार्गे नक्शे-रुस्तम

मशहदहून विमानाने शिराझ, तिथून सकाळी लवकर तख्ते-जमशीद, म्हणजे पर्सेपोलिस. उन्हे चढल्यावर तिथे सावली नाही. पाणी, टोपी हवीच. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर नक्शे-रुस्तम.

ही दोन्ही नावे शाहनाम्यातली आहेत, वास्तू मात्र त्यातल्या नाहीत. फिरदौसीच्या काव्यात कुरुश नाही, खशायार्शा (झर्क्सिस) नाही. त्यांच्या हखामनी घराण्याची आठवण अखेरच्या दारा आणि सिकंदरापुरती उरली आहे. कोरीव लिपी वाचणारे संपले तेव्हा लोकांनी प्रचंड चौथरा शाहनाम्यातल्या जमशीद राजाचा ठरवला आणि कड्यावरचे सासानी घोडेस्वार रुस्तुमचे. प्रत्यक्षात वरच्या कबरींपैकी एक दारयवौश पहिल्याची असून खालच्या शिल्पात पहिला शापूर रोमन सम्राटांना नमवताना दिसतो. ज्यांना ही माहिती देणारे कुणी नव्हते, त्यांच्यापाशी ऐकलेली कथा होती आणि तिने जागेला नाव दिले. फलकावरची माहिती जरूर वाचावी, पण लोकांच्या नावाला अज्ञान म्हणू नये.

गाडीचा चालक ममसनीकडचा लोर होता. लोर आणि बख्तियारी लोकांत लग्नात, मर्तिकात, रात्रीच्या बैठकीत शाहनामा म्हणायची रीत आहे, आणि त्यांची चाल नक्कालापेक्षा वेगळी, लांब ओढलेली, उंच पट्टीची असते. 'शाहनामाखानी येते का' असे विचारल्यावर त्याने काच वर केली आणि रुस्तुम-इस्फंदियारातले बैत परतीच्या रस्त्यावर बराच वेळ म्हटले, पुस्तकाशिवाय. फार्समध्ये गाडी ठरवताना लोर चालक मिळतो का ते विचारावे. भाडे तेच पडते. फक्त घाटात किंवा रहदारीत म्हणायला सांगू नये. मोकळ्या सपाट रस्त्यावर, शिराझच्या अलीकडे, विचारावे. ध्वनिमुद्रण करायचे तर परवानगी घ्यावी आणि गाडीच्या काचा बंद ठेवाव्यात, नाहीतर वाऱ्याच्या आवाजात यमके बुडतात.